अरबी समुद्रात चक्रीवादळ तयार होण्याआधीच वर्तवलेल्या अंदाजावर किती विसंबावे?

दहा दिवसांनी कोकण किनाऱ्यावर चक्रीवादळ धडकेल असे दाखवणारा एका मॉडेलचा (हवामानाचा अंदाज गणिताने काढणाऱ्या संगणकीय प्रणालीचा) नकाशा मोबाईलवर फिरत आहे, तो खरा मानावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते त्यातील तारीख आणि ठिकाण यांवर मुळीच विसंबू नये. अरबी समुद्रावर लक्ष ठेवण्याची वेळ आली आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

ज्या वादळाचे केंद्रच अजून तयार झालेले नाही, त्याचा मार्ग मॉडेलच्या प्रत्येक नव्या फेरीत, म्हणजे नव्याने केलेल्या गणनेत, बदलतो. म्हणून आधी पाहायचे ते वादळ तयार होईल का. त्यासाठी समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर असावे लागते, हवेच्या मधल्या थरांत भरपूर बाष्प लागते आणि खालच्या व वरच्या वाऱ्यांच्या वेगात आणि दिशेत फार तफावत चालत नाही. मे महिन्यात अरबी समुद्र तापलेलाच असतो, त्यामुळे मी सर्वप्रथम वाऱ्यांची ही तफावत पाहतो. ऐन पावसाळ्यात तेथे चक्रीवादळे क्वचितच होतात, त्याचे मुख्य कारणही तीच आहे.

केंद्र तयार झाले म्हणजे प्रश्न सुटला, असेही नाही. जून २०२३ मधील ‘बिपरजॉय’ला पुढे ढकलणारे वरच्या थरांतील वारे बराच काळ क्षीण होते, त्यामुळे ते रेंगाळत राहिले, मॉडेल्समध्ये मार्गाबद्दल मोठे मतभेद झाले आणि अखेर १५ जूनला ते गुजरातमधील जखाऊ बंदराजवळ किनाऱ्यावर आले. याउलट २०२० मध्ये ‘निसर्ग’चे चक्रीवादळात रूपांतर २ जूनला झाले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी ते अलिबागजवळ धडकले.

भारतीय हवामान विभागाच्या दैनंदिन पत्रकात पुढील सात दिवसांत कमी दाबाचे क्षेत्र ‘डिप्रेशन’पर्यंत, म्हणजे ताशी ३१ किलोमीटर किंवा अधिक वेगाच्या वाऱ्यांपर्यंत, तीव्र होण्याची शक्यता ‘कमी’, ‘मध्यम’ किंवा ‘जास्त’ अशा शब्दांत दिलेली असते. एका मॉडेलच्या रंगीत नकाशापेक्षा मला ही पद्धत कितीतरी प्रामाणिक वाटते. आपल्या घरचे कोणी मासेमारीला जात असेल, तर वादळाला नाव मिळेपर्यंत थांबू नका. नाव वारे ताशी ६२ किलोमीटरवर पोहोचल्यावर मिळते, आणि खोल समुद्रातील बोटीने परतीला तोवर निघालेले असायला हवे.