१८३२ मध्ये न्यूफाउंडलंडला (आजच्या कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं बेट, तेव्हा वेगळी ब्रिटिश वसाहत) विधानसभा मिळाली, त्याने मच्छीमारांचं आयुष्य बदललं का?

लगेच तरी नाही. रोजचं जगणं कॉड माशाभोवतीच फिरत राहिलं. पुरुष होडीतून मासे आणत. ते मीठ लावून किनाऱ्यावरच्या लाकडी माचांवर वाळत घालणं, उलटणं, पाऊस आला की धावत जाऊन झाकणं, हे बरंचसं बायकामुलांच्या अंगावर.

माझ्या मते खरी सत्ता व्यापाऱ्याच्या वहीत होती. वसंतात मीठ, पीठ, जाळी उधारीवर द्यायची आणि मोसम संपला की सुके मासे घेऊन वसुली करायची. दोन्हीकडचे भाव तोच ठरवणार! रोख पैसा कित्येक घरांत क्वचितच दिसायचा. मताचा हक्क मिळाला, तरी देणं डोक्यावर तसंच.

१८५५ मध्ये जबाबदार सरकार आलं, म्हणजे निवडून आलेल्या विधानसभेला उत्तरदायी असलेलं. १८६९ च्या निवडणुकीत लोकांनी कॅनडात सामील व्हायला ठाम नकार दिला. उधारीची पद्धत मात्र विसाव्या शतकातही चालूच राहिली.