वाचकांचे प्रश्न : भिंत पाडणे आणि टाकीसाठी खोदाई

प्रश्न : आमची इमारत १९८८ची, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर. हॉल आणि स्वयंपाकघरातली भिंत काढायची आहे, बाथरूमच्या फरशाही उखडायच्या आहेत. एक ठेकेदार ठोक रक्कम सांगतो, दुसरा फुटावर दर. काम कुणाला द्यावं? — एक वाचक, पुणे

उत्तर : दराचं नंतर बघू. आधी ती भिंत भार पेलते का, हे परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी घ्या. ‘साडेचार इंची आहे, बिनधास्त पाडा’ असं ठेकेदार म्हणाला तरी नुसत्या जाडीवरून ठरवू नका; वर बीम आहे का आणि वरच्या मजल्यावर त्याच जागी भिंत आहे का, हे पाहावंच लागतं. तो कागद सोसायटीला दिल्याशिवाय हातोडा लावू देऊ नका.

मग राडारोड्याचा हिशेब. १० × ९ फुटांची साडेचार इंची भिंत प्लास्टरसकट सव्वादोन टनांच्या आसपास भरते. गोणीत ३० किलो धरले तर ७५ गोण्या! घरातला स्लॅब साधारण चौरस मीटरला २०० किलो वापराच्या भारासाठी धरलेला असतो, म्हणजे तेवढ्या जागेत सहाच गोण्या. सगळा ढीग एका कोपऱ्यात रचला की खालच्यांच्या छताला तडे जाण्याची भीती असते. म्हणून गोण्या रोजच्या रोज खाली उतरवणं, टेम्पो आणि महापालिकेने ठरवलेल्या जागी टाकणं हे सगळं दरात आहे असं लिहून घ्या. ठोक रकमेत नेमकं हेच राहून जातं.

भिंत वरून खाली, थराथराने उतरवायची. खालून पोखरली की वरचा भाग अंगावर येतो. आतल्या वायरी आधी मेनपासून बंद करा.

बाथरूममध्ये काय काय उखडायचं ते आधी ठरवा. फरशीखाली बहुधा फूटभर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. नुसत्या फरशीसाठी ब्रेकर (फोडायचं विजेचं मशीन) चालवला की वॉटरप्रूफिंग फुटतं आणि गळती खालच्या घरात उतरते. इथे छिन्नी-हातोडाच बरा. नहाणी ट्रॅपमध्ये (सांडपाणी जातं त्या जाळीखालच्या भांड्यात) आधी गोणपाट ठासा, नाहीतर चुरा पाइपात जाऊन सगळ्या मजल्यांची लाइन तुंबेल. नव्या वॉटरप्रूफिंगवर ४८ तास पाणी साठवून पाहिल्याशिवाय फरशी बसवू नका.

शेजाऱ्यांच्या छताचे फोटो काम सुरू होण्याआधी काढा. शेवटचा हप्ता जिना झाडून झाल्यावरच द्या.

प्रश्न : घराच्या भिंतीपासून तीन फुटांवर ५,००० लिटरची जमिनीखालची टाकी हवी. जेसीबी तासावर की ब्रासवर (ब्रास म्हणजे १०० घनफूट)? — एक वाचक, सातारा

उत्तर : टाकी आतून ७ × ५ × ५ फूट असली तरी भिंती, तळाचं काँक्रीट, वरची मोकळी जागा आणि गवंड्याला उभं राहायला जागा धरून खड्डा साधारण १०.५ × ८.५ × ७ फुटांचा, म्हणजे सव्वासहा ब्रास. खोदलेली माती फुगते, तेव्हा ट्रकच्या मापाने हाच आकडा आठ ब्रासवर जातो. ब्रासवर दिलंत तर मोजणी खड्ड्यातच करायची, असं ठरवा. माती, मुरूम आणि कठीण खडकाचे दर वेगळे लिहून घ्या.

पण तीन फुटांवर इतकं खोल जाऊ नका. घराचा पाया चार फूट असेल तर खड्डा त्याच्या तीन फूट खाली जातो. खड्डा पायाच्या जितका खाली जातो, पायापासून त्याच्या निदान दुप्पट, म्हणजे सहा फूट अंतर हवं. खोली पाच फुटांपुढे गेली की बाजूंना फळ्या-टेकू लावा किंवा उतार द्या, आणि माती काठापासून पाच फूट लांब टाका.