बढतीच्या रकान्यात काय लिहावे

पीथमपूरच्या कारखान्यात नऊ वर्षे गुणवत्ता विभागात काढून तुम्ही येत्या एप्रिलमध्ये जर्मनीत श्टुटगार्टजवळच्या एका यंत्रनिर्मिती कंपनीत रुजू होणार आहात, आणि येथे बढती कशी मिळवावी व तिला किती वर्षे लागतात, असे विचारले आहे. ब्लू कार्ड म्हणजे पदवीधरांना मिळणारा नोकरी-वास्तव्याचा परवाना, त्यासाठीची पगाराची किमान मर्यादा, पदवीची मान्यता हे सारे दूतावासाच्या संकेतस्थळावर नीट दिलेले असल्यामुळे ते मी सोडून देते. मीही एकेकाळी इंदूरच्या राजेंद्रनगरहून सकाळची कंपनीची बस पकडून पीथमपूरला जात असे. 2013 मध्ये चार वर्षांच्या मुलाला घेऊन मी येथे आले. तुमचा प्रश्न वाचल्यापासून दोन दिवस तो मनातून जात नाही, कारण मला पहिली बढती मिळायला आठ वर्षे लागली आणि त्यांतली निदान चार माझ्याच चुकीमुळे गेली.

येथे वर्षातून एकदा वरिष्ठांशी बंद दाराआड तासभर बोलणे होते. त्याला मिटआर्बायटरगेश्प्रेख म्हणतात. त्याआधी एक फॉर्म भरून द्यावा लागतो. आमच्याकडच्या फॉर्मच्या शेवटच्या पानावर एक मोठा रकाना आहे: यापुढे तुम्हाला कोणती जबाबदारी हवी आहे? 2014 ते 2019 अशी सहा वर्षे मी त्या रकान्यात एकच शब्द लिहिला, त्सुफ्रीडन, म्हणजे समाधानी. मला तो विनय वाटत होता. माझे वडील इंदुरात सरकारी खात्यात होते. तेथे बढती ज्येष्ठतेच्या यादीतून यायची. आपण खाली मान घालून काम करावे, बघणारे बघत असतात, हे घरात इतके मुरले होते की स्वतःच्या तोंडाने पद मागणे मला हावरटपणाचे वाटे. 2020 च्या ऑक्टोबरात शेवटी न राहवून मी वरिष्ठांना विचारले की माझ्यामागून आलेले दोघे गटप्रमुख झाले, मग माझ्यात काय कमी आहे. ते गृहस्थ मुळीच रागावले नाहीत. त्यांनी फाइल काढून सहाही फॉर्म टेबलावर ओळीने मांडले, प्रत्येकावरच्या त्या शब्दावर बोट टेकवले आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "आपणच तर लिहिले होते." त्यांनी माझ्यावर अन्याय केला असे मला आजही म्हणता येत नाही, आणि तेच जास्त सलते.

म्हणून पहिली गोष्ट ही की येथे बढती बहुधा चालत येत नाही, तिच्यासाठी अर्ज करावा लागतो. रिकामे पद कंपनीच्या अंतर्गत यादीवर लागते, आणि बाहेरच्या उमेदवाराप्रमाणेच तुम्हालाही कागदपत्रे जोडून मुलाखत द्यावी लागते. तुमची कंपनी धातू उद्योगाच्या, कामगार संघटनेशी झालेल्या सामूहिक करारात असेल, तर बाडेन-व्युर्टेम्बर्ग या आपल्या राज्यात पगाराच्या 17 श्रेण्या आहेत आणि श्रेणी ठरते ती कामाच्या लेखी वर्णनावरून. तुमची पदवी किंवा इंदूरकडच्या नऊ वर्षांवरून नव्हे. तुम्ही वरच्या श्रेणीचे काम करत असाल आणि वर्णन जुनेच असेल, तर ते बदलून मागा. त्यासाठी बेट्रीप्सराट नावाची कर्मचाऱ्यांनी निवडलेली समिती असते. आपल्या कामाचे मूल्यमापन आणि पुढच्या संधी यांविषयी चर्चा मागण्याचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे आणि त्या चर्चेला समितीचा सदस्य सोबत नेता येतो. समितीकडे जाणे म्हणजे साहेबांची तक्रार करणे, असे मी कितीतरी वर्षे समजत होते.

वरिष्ठ बदलणार असे कळले की त्यांच्याकडून कामाचे मधल्या टप्प्यावरचे प्रशस्तिपत्र मागून घ्या आणि ते जाणकाराकडून वाचून घ्या, कारण त्याची भाषा दिसते तशी नसते. 'आमच्या पूर्ण समाधानाने काम केले' हा शेरा वाचून मी घरी गोड केले होते. पुढे कळले की तो मध्यम दर्जाचा शेरा आहे आणि 'सदैव' हा शब्द आल्याशिवाय तो चांगला होत नाही. 'त्यांनी प्रयत्न केले' असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ जमले नाही असाच होतो.

तुम्ही असेही लिहिले आहे की पहिली दोन वर्षे रोज दोन तास जास्त बसून छाप पाडण्याचा विचार आहे. कृपा करून तसे करू नका. आमच्या उद्योगात आठवडा 35 तासांचा आहे आणि रोज उशिरा बसणाऱ्याला काम आटोपत नाही, असेच मानले जाते. मी तसे बसत होते. त्या संध्याकाळी मुलाबरोबर जर्मन वाचायला कोणी नव्हते, कारण नवऱ्याची भाषा माझ्याहूनही कच्ची होती, आणि येथे पालकांनी रोज ऐकत बसावे हे शाळेने गृहीत धरलेले असते. या राज्यात चौथीनंतरच मुलांची वाट वेगळी होते. 2020 च्या फेब्रुवारीत शाळेने त्याच्यासाठी विद्यापीठाकडे नेणाऱ्या गिम्नाझियमऐवजी दहावीपर्यंतच्या रेआलशूलेची शिफारस दिली. तेव्हा ती बंधनकारक नव्हती, पण आम्ही मान तुकवली. त्याचे गणित वर्गात सर्वांत चांगले होते. शिक्षिकेने सौम्यपणे सांगितले की भाषेचा सराव घरी कमी पडला, आणि मला आठवले ते कोणी न मागितलेले अहवाल, जे मी त्या संध्याकाळी लिहीत बसले होते. तुमची मुलगी चार वर्षांची आहे, म्हणून हे इतके सविस्तर लिहिले.

कागदपत्रांविषयी एकच. 2017 मध्ये माझ्या ब्लू कार्डाची मुदत संपली तेव्हा परकीय नागरिकांच्या कार्यालयाने पाच महिने नुसती भेटीची वेळ दिली नाही. हातात होता तो एक घडीचा हिरवा कागद, अर्ज प्रलंबित असल्याचा. त्याच वेळी हंगेरीतील नवा विभाग उभारायला माणूस पाठवायचा होता. काम माझे होते, पण त्या कागदावर मला सीमेपार पाठवण्याचा धोका मनुष्यबळ विभागाने घेतला नाही. जो गेला तो परत येऊन गटप्रमुख झाला. मी बी-वन म्हणजे मध्यम पातळीची जर्मन परीक्षा वेळेत दिली असती, तर 21 महिन्यांनंतर कायम वास्तव्याचा परवाना मिळू शकला असता आणि तो कागद हाती आलाच नसता. परीक्षेपेक्षा काम महत्त्वाचे, असे तेव्हा वाटले होते. तुम्ही त्या परीक्षेची शक्य तर इंदुरातच पक्की तयारी करून निघा, कारण इंग्रजीवर काम चालते, पण माणसांचा गट जर्मनशिवाय सहसा सोपवत नाहीत.

एकाकीपणाविषयीही विचारले आहे. तो असतो, नोव्हेंबरात जास्त असतो, आणि त्याचा बढतीशी काही संबंध नाही.

2021 मध्ये मी गटप्रमुख झाले. आज अकरा माणसे माझ्याकडे आहेत आणि त्यांच्या फॉर्मचा शेवटचा रकाना मी सर्वांत आधी वाचते. कोणी नुसते 'समाधानी' लिहिले असेल, तर त्याला बोलावून पुन्हा विचारते. आता विभागप्रमुखांचे पद रिकामे होणार आहे. मुलगा यंदा दहावीत आहे, पुढे शिकण्यासाठी त्याला शाळा बदलावी लागेल आणि संध्याकाळी तो अजूनही शेजारी बसून वाचू देतो. माझा स्वतःचा फॉर्म शुक्रवारी द्यायचा आहे. तीन पाने भरून झाली आहेत.