लिंबुर्गिश भाषेतल्या 'अलाफ' या शब्दाचा अर्थ काय? तो डच शब्दाचा अपभ्रंश आहे का?

अपभ्रंश अजिबात नाही. प्रश्नातला तो एक शब्द वाचला आणि लिहायला बसलो.

मी सिट्टार्डला राहतो, नेदरलँड्सच्या दक्षिण टोकाच्या लिंबुर्ग प्रांतात. लिंबुर्गिश ही इथलीच भाषा. पहिल्या वर्षी फास्टेलाओव्हेंट, म्हणजे इथला कार्निव्हल, आला तेव्हा शेजारच्या आजी लाल-पिवळा-हिरवा मफलर माझ्या गळ्यात घालून मला मिरवणुकीला घेऊन गेल्या. बँड आला, सगळे 'अलाऽफ' ओरडले, मीही हात वर केला. आजींनी मनगट धरून माझा उजवा हात डाव्या कानशिलाला टेकवला. प्रशियन, म्हणजे जुन्या जर्मन राज्याच्या, शिपायांच्या सलामाची ही टर आहे, म्हणून हात उलटा. जोर 'ला'वर. तीनदा म्हणवून घेतलं, मग मनगट सोडलं.

ऑफिसात हे सांगितलं तर उत्तरेकडचा एक सहकारी म्हणाला, "ती कसली भाषा, बिघडलेली डच." डोक्यात तिडीक गेली. पुण्याला हॉस्टेलवर मी आईला फोनवर 'काय करी राह्यनी?' म्हटलं की रूममेट हेच म्हणायचा. अहिराणी म्हणजे बिघडलेली मराठी! तेव्हा गप्प बसलो होतो, या वेळी नाही बसलो. लिंबुर्गिशमध्ये 'दाख' एका सुरात म्हटलं तर एक दिवस, दुसऱ्या सुरात अनेक दिवस. प्रमाण डचमध्ये आहे का असं काही? १९९७ पासून नेदरलँड्सनेच तिला प्रादेशिक भाषा मानलंय.

तर 'अलाफ'. आज तो नुसता जयघोष आहे. शब्द जर्मनीतल्या कोलोन शहराकडचा, तिथे १६३५ च्या एका अर्जात सापडतो. 'अल आफ', म्हणजे बाकी सगळं बाजूला सारा, कोलोनच वरचढ, अशी त्याची फोड करतात. काही जण तो अकराशी, म्हणजे 'एल्फ'शी जोडतात, कारण कार्निव्हलचा हंगाम ११ नोव्हेंबरला ११ वाजून ११ मिनिटांनी सुरू होतो. मला ही मागाहून जुळवलेली गोष्ट वाटते. वाद मिटलेला नाही, पण मूळ पक्कं ठाऊक नाही म्हणून शब्द कुणाचा अपभ्रंश ठरत नाही. रूममेट, तू हे वाचत असशील तर तुलाही हेच सांगायचं होतं.

एक राहिलंच, हा शब्द एकट्या लिंबुर्गचा नाही. जर्मनीतल्या आखेनला 'ओखे अलाफ' म्हणतात, नेदरलँड्सच्या ब्राबांट प्रांतातही ऐकू येतो. जर्मनीतल्याच ड्युसेलडॉर्फला मात्र चुकूनही म्हणू नका, तिथे 'हेलाऊ' चालतं.