विडी घरकुलातल्या सत्राआधी

सोलापूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

विडी घरकुलातल्या, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीतल्या, नववीच्या मुलींशी आणि त्यांच्या आयांशी एचपीव्ही या गर्भाशयमुखाचा कर्करोग घडवू शकणाऱ्या विषाणूविषयी आणि त्यावरच्या लसीविषयी बोलण्याचे काम तुझ्याकडे आल्याचे कळले. सोबत पाठवलेल्या टिपणात तू पहिल्याच पानापासून कर्करोगाची छायाचित्रे घातली आहेस. ती सगळी काढून टाक. घाबरलेली आई लसीकडे वळत नाही, ती तो विषयच घरात निघू देत नाही, हे मी परिचारिकेच्या नोकरीत पुष्कळदा पाहिले आहे.

माझीच एक चूक सांगते. पूर्व भागातल्या एका वस्तीत, उगाच वाद नको म्हणून, हा विषाणू कसा पसरतो ते मी गाळले आणि ‘कर्करोगाची लस’ एवढेच म्हणाले. मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या एका बाईने दोरा गुंडाळता गुंडाळता, मान वर न करता विचारले, “मग मला का नाही? पोरीलाच का?” मला धड उत्तर देता आले नाही, कारण खरे कारण मीच झाकून ठेवले होते.

ते कारण तू सरळ सांग. एचपीव्ही मुख्यतः लैंगिक संपर्कातून पसरतो, आणि तो इतका सर्रास आढळतो की त्यावरून कोणाचे चारित्र्य ठरवणे हा शुद्ध अडाणीपणा आहे. बहुतेकांच्या शरीरातून तो दोनेक वर्षांत आपोआप नाहीसा होतो. पण काहींच्या शरीरात तो ठाण मांडतो, आणि त्यातही गर्भाशयमुखाच्या सुमारे ७० टक्के कर्करोगांच्या मुळाशी असलेले १६ आणि १८ हे प्रकार असतील, तर पेशी बदलत जाऊन साधारण १५ ते २० वर्षांनी रोग उभा राहू शकतो. आत शिरलेल्या विषाणूला लस हुसकावू शकत नाही, म्हणून ती संपर्क येण्याच्या कितीतरी आधी, ९ ते १४ या वयात द्यायची. गोवराची लस आपण नऊ महिन्यांच्या बाळाला टोचतो, तेव्हा कोणी त्या बाळावर संशय घेत नाही.

त्या बाईला द्यायचे उत्तर तपासणीचे होते, आणि ते आपल्या बार्शीतच तयार झालेले आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाच्या सहभागाने शेजारच्या, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास झाला. ज्या गटात एचपीव्हीची चाचणी केवळ एकदा झाली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर ही तपासणी चुकत नाही, हे विसरू नकोस.

“लसीने मुली दगावल्या म्हणे,” असे कोणीतरी नक्की म्हणेल. २०१० मध्ये आंध्र प्रदेश आणि गुजरातमधला या लसीचा प्रकल्प मृत्यूंच्या बातम्यांनंतर थांबवला गेला. चौकशीत त्या मृत्यूंचा लसीशी संबंध आढळला नाही, मात्र पालकांची संमती नीट घेतली नव्हती हा ठपका राहिला, आणि तो रास्तच होता. म्हणून संमतीपत्र वाचून दाखव, सही घाईने घेऊ नकोस. त्याच वेळी दुसऱ्या एका अभ्यासातले लसीकरणही थांबल्याने अनेक मुलींना एकच मात्रा मिळाली होती; त्यांच्यात दहा वर्षांनीही १६ आणि १८ पासून चांगले संरक्षण दिसले. एक मात्रा पुरेशी ठरू शकते, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये म्हटले, त्यामागे हाही पुरावा होता. तरी मात्रा किती, हे चालू शासकीय सूचनेप्रमाणेच सांग.

मुलग्यांचे विचारतील, तर त्यांनाही हा संसर्ग होतो आणि तेही लस घेऊ शकतात, एवढे सांगितलेस की पुरे.

वर्गात चिठ्ठ्यांसाठी एक रिकामा डबा ठेव, नाव लिहायला लावू नकोस, आणि आया आत येण्याआधी त्या चिठ्ठ्या तू एकटीने वाचून घे.

तुझी
मावशी