जुन्या मराठी कॅसेटी हाती लागल्यात? आधी एवढंच करा

वगनाट्यं, कथाकथन, विनोदी गाणी... १९८०-९० च्या दशकातल्या कॅसेटींचं खोकं मिळालं, झकास! पण लगेच प्लेअरमध्ये घालू नका.

- कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून टेप बघा. पांढरी बुरशी असेल तर कॅसेट बाजूला ठेवा, नाहीतर प्लेअरच्या हेडवरून (टेपवरचा आवाज वाचणारा भाग) ती बुरशी बाकीच्या कॅसेटींनाही लागते.
- मागच्या कडेचे दोन्ही छोटे टॅब मोडा. चुकून रेकॉर्ड दाबलं गेलं तर मूळ आवाज पुसला जातो.
- हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, टेप एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा.
- कॉम्प्युटरवर उतरवताना डब्ल्यूएव्हीमध्येच (आवाज न दाबता साठवणारी फाइल) रेकॉर्ड करा, आवाजाची पातळी -६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. थेट एमपी३ (आवाज दाबून लहान केलेली फाइल) करणं ही नवख्यांची नेहमीची चूक.

खरखर काढायचं नंतर बघू. वेष्टनाचा फोटो मात्र आजच काढा. कलाकारांची नावं बरेचदा तिथंच सापडतात.