सॉलिडवर्क्स येत असताना टेक्ला वेगळं शिकावं लागेल का?

तुम्ही विचारलंय की मेकॅनिकल डिप्लोमा झालाय, बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत दोन वर्षं सॉलिडवर्क्सवर (यंत्रांचे भाग थ्रीडीत घडवायचं सॉफ्टवेअर) काम करताय, आता कंपनीकडे शेडची आणि स्ट्रक्चरची कामं येऊ लागलीत. तर सॉलिडवर्क्समधल्या वेल्डमेंटवर (वेल्ड केलेल्या सांगाड्यांचं मॉडेल करायची सोय) भागवावं की टेक्ला, म्हणजे पोलादी स्ट्रक्चरचं डिटेलिंग (तुकड्या-तुकड्याची, जोडांची ड्रॉइंग) करायचं सॉफ्टवेअर, शिकावं? मी नेमकं असंच भागवायला गेलो होतो, म्हणून आधी ती फजिती सांगतो.

आमच्या शॉपमध्ये पंपाची हाउसिंग, गिअरबॉक्सची कास्टिंग असली कामं चालायची. तेवढ्यात चिकोडीकडच्या एका साखर कारखान्याची बगॅस कन्व्हेयरची गॅलरी (उसाचं चिपाड वाहणाऱ्या पट्ट्याचा पोलादी सांगाडा) आली. मालक म्हणाले, "सॉलिडवर्क्समध्ये सगळं होतंय की, घ्या करून." घेतली. स्केचच्या रेषांवर आयएसएमबी, आयएसएमसी (पोलादाचे ठरावीक मापांचे आय-बीम आणि चॅनेल) चढवले, मॉडेल दिसायला झकास झालं. मार्क नंबर (कुठला तुकडा कुठला ते ओळखायचे नंबर) मात्र मी हातानं टाकले आणि तिथंच घोळ झाला. डाव्या आणि उजव्या बाजूच्या अँगल क्लीट (बीम जोडायचे एल आकाराचे तुकडे) आरशातल्यासारख्या एकमेकींच्या उलट होत्या. मी दोन्हींना एकच नंबर दिला. फॅब्रिकेटरनं सगळ्या एकाच ड्रॉइंगवरून कापल्या. साइटवरून फोन आला, "सायेब, निम्म्या क्लीटांची भोकं उलट्या बाजूला आल्यात की!" निम्म्या क्लीट पुन्हा कराव्या लागल्या आणि क्रेनचं भाडं फुकट गेलं ते वेगळंच.

टेक्लाची खरी किंमत मला तेव्हा कळली. त्यात नंबरिंग चालवलं की तंतोतंत सारख्या तुकड्यांना एकच मार्क मिळतो, आणि उलटी क्लीट आपोआप वेगळी पडते. शिवाय सुरुवातच निराळी असते. सॉलिडवर्क्समध्ये आपण एक पार्ट घडवतो, मग मेट लावून (कुठला पार्ट कुठं कसा बसतो ते ठरवून) असेंब्ली करतो. टेक्लामध्ये आधी ग्रिड (कॉलमच्या जागांच्या आडव्या-उभ्या रेषा) आखायची, त्यावर कॉलम-बीम टाकायचे आणि मग सगळं लक्ष जोडावर. एंड प्लेटचा (बीमच्या टोकाला लावायची प्लेट) 144 नंबरचा कंपोनंट, म्हणजे टेक्लातला तयार जोड, लावला की प्लेट, बोल्ट, भोकं, वेल्ड एकदमच येतात. उद्या डिझाइनवाल्यानं 300 चा बीम 400 केला तर जोड त्याप्रमाणे बदलतो. पुन्हा नंबरिंग चालवायचं, ड्रॉइंग अपडेट करून एकदा नजर घालायची. बोल्टची यादी, वजन, सीएनसी ड्रिलिंगच्या फाइली त्याच मॉडेलमधून निघतात. फॅब्रिकेशनचं बिल किलोवर होतं, त्यामुळे वजनाचा तो रिपोर्ट मालकाला फार प्रिय!

आपल्या मेकॅनिकलवाल्यांना सवय मोडायला लागते ती मापाची. 40 मिलिमीटरच्या बोअरला एच7 (भोकाच्या मापाची ठरलेली सूट) म्हटलं की वर फक्त 0.025 मिलिमीटरची मुभा. इथं 20 च्या बोल्टला सरळ 22 चं भोक. मला सुरुवातीला ते बघून कसंसंच व्हायचं. पण बारा मीटरचा बीम उन्हात क्रेनला लोंबकळत असताना ते दोन मिलिमीटरच कामाला येतात.

टेक्लामध्ये कास्टिंग करायला मात्र जाऊ नका. ड्राफ्ट (साच्यातून सुटायला दिलेला उतार), फिलेट (गोलसर कोपरे), वाकडेतिकडे पृष्ठभाग, हलणारे भाग ही त्याची कामंच नव्हेत. मशीनखालची बेस फ्रेम किंवा छोटा प्लॅटफॉर्म असेल तर मी आजही सॉलिडवर्क्सच उघडतो. गिअरबॉक्स तिथं करून स्टेप फाइल (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरना चालणारी थ्रीडी फाइल) टेक्लात रेफरन्स म्हणून आणतो, म्हणजे ब्रॅकेट कुठं आडवा येतोय ते दिसतं. आणि हो, बीम भार पेलेल का हे टेक्ला सांगत नाही. ते स्टॅडवाल्याचं (स्ट्रक्चरचा भार तपासायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या डिझाइनरचं) काम.

उद्यमबागेतच राहायचं आणि वर्षाकाठी एखादंच शेड असेल, तर घाई नको. ते काम बाहेरच्या डिटेलरकडून करून घ्या. पुण्याला किंवा हैदराबादला डिटेलिंगच्या ऑफिसात जायचं मनात असेल तर टेक्ला शिकाच. फक्त क्लासची फी भरण्याआधी एक दिवस साइटवर काढा. बीमवर मार्क कुठल्या टोकाला मारलाय, आणि बसवणारा माणूस ड्रॉइंग बघून ते टोक कुठल्या दिशेला फिरवतो, एवढं नीट बघून या.